सोंड बुडायच्या आधी

फुलाबाईचं पत्र वैशाखात आलं, आणि आषाढ अर्धा सरला तरी लहानूने त्याला उत्तर दिलं नव्हतं. शब्द सुचत नव्हते असं कुणी समजू नये. ज्या माणसाने सगळी नोकरी नाशिक रोडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, आणि निवृत्तीनंतरही ज्याच्या पलंगाखाली चपलांपेक्षा पुस्तकं जास्त होती, त्याच्याकडे शब्द पोत्याने होते. तेच नडलं.

पत्रात एकच प्रश्न होता. चौथीपर्यंत शिकलेल्या फुलाबाईने, त्याच्या थोरल्या बहिणीने, ते स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. "लहानू, तुझे दाजी गेल्यापासून घरात मी एकटी. यंदा माझ्यासंगं पाणी लावून घेशील का? हो का नाय ते लिही. तोंडी सांगू नको. तुझं तोंडी मला ठाऊक हाय."

करंजटेकावर जन्मलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. धरण झालं तेव्हा खालचं गाव पाण्यात गेलं आणि वरचं टेक तेवढं उरलं. टेकाला पलीकडच्या बोरीपाड्याशी जोडणारी जमिनीची एक चिंचोळी सोंड आहे. दर पावसाळ्यात धरण भरायला लागलं की ती बुडते, आणि टेकाचं बेट होतं ते थेट होळीपर्यंत. सोंड बुडाली की 'पाणी लागलं' म्हणायचं. पाणी लागताना जो टेकावर असेल तो पाणी उतरेपर्यंत टेकाचा. बाजाराला, दवाखान्याला होडीने जावं, पण रात्र टेकावर. आणि एकट्या माणसाला पाणी लागू द्यायचं नाही, दुसरं माणूस पाहिजे, तेही घरचंच. फार पूर्वी एक म्हातारी हट्टाने एकटी राहिली होती. तिची चूल थंड पडल्याचं धुक्यामुळे पलीकडे कुणाला दिसलं नाही, तेव्हापासूनचा हा नियम. दुसरं माणूस नसेल त्याने सोंड बुडायच्या आधी चूल विझवून बोरीपाड्याला यायचं. वर्षापुरतंच यायचं असं म्हणायची रीत होती. प्रत्यक्षात एकदा खाली उतरलेलं घर पुन्हा वर चढलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सात-आठ घरं अशीच वर्षापुरती उतरली आणि कायमची गेली. आता फुलाबाईचं एकच घर उरलं होतं.

लहानूने उत्तराचा पहिला खर्डा केला त्यात बहिणीच्या तब्येतीची चौकशी होती आणि स्वतःच्या गुडघ्यांची माहिती होती. दुसऱ्या खर्ड्यात माणूस आणि जन्मभूमी यांच्या नात्याविषयी दीड पान झालं, आणि ते त्याला स्वतःलाच शेवटपर्यंत वाचवेना. तिसऱ्यात त्याने 'हो' म्हटलं, पण त्या 'हो'ला इतकी कारणं जोडली की ते नकारासारखं दिसायला लागलं. माणूस इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांवर शिक्के मारत बसला की स्वतःचं एक वाक्यही त्याला उसनं वाटतं, आणि उसनं वाक्य वेळेत परत करावं लागतं. सगळे खर्डे त्याने फाडले. पत्ता घातलेलं आंतरदेशीय पत्र मात्र पिशवीच्या आतल्या कप्प्यात राहिलं, कोरं.

आणि आता तो मयूरच्या नव्या गाडीत मागे बसून करंजटेकाला चालला होता, कारण फुलाबाईचं काय करायचं हे ठरवायला घरची माणसं जमणार होती.

"मामा, काचेवर बोटं नका टेकवू, डाग पडतात," मयूर म्हणाला.

लहानूने बोटं मांडीवर घेतली. मयूर हा फुलाबाईचा एकुलता मुलगा. पिंपळगावला द्राक्षांचं पॅकहाऊस चालवायचा, आणि बोलता बोलता 'माझे कंटेनर' हा शब्द अशा लाडाने उच्चारायचा की ऐकणाऱ्याला ती मुलं वाटावीत. त्याच्या शेजारी बायको तृप्ती होती. मागे लहानू, त्याचा मुलगा मनोज आणि सून मोहिनी. मनोजला सरकारी नोकरी होती, म्हणजे कुठल्याही प्रश्नावर जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटायचं.

सोंडेच्या तोंडाशी मयूरने गाडी थांबवली आणि मोबाइल दाखवला. "बघ मन्या. धरण आज छत्तीस टक्के. सोंड बुडते बेचाळीसला. लहानपणापासून बघतोय, बेचाळीस म्हणजे बेचाळीस. बाबा तर डोळे मिटून सांगायचे. चार दिवस आरामात आहेत."

"डेटा आहे म्हटल्यावर प्रश्नच नाही," मनोज म्हणाला.

सोंडेच्या मधोमध एक डबकं साचलं होतं. गाडीने ते उडवलं तेव्हा लहानूला वाटलं, इथे आधी डबकं नसायचं. पण मग त्याला असंही वाटलं की असेल कदाचित, आपल्यालाच आठवत नसेल, आणि काच खाली करून काही बोलायचं तर पुन्हा बोटं काचेला लागणार. त्याने हात मांडीवरच ठेवले.

फुलाबाई ओट्यावर नागली पाखडत बसली होती. गाडी अंगणात येऊन थांबली तरी तिचे हात थांबले नाहीत.

"आलात? पाय धुवा," ती म्हणाली. "हिचे चार पाय कोण धुणार?"

"आई, आधी जेवू, मग निवांत बोलू," मयूर म्हणाला.

"आधी बोला. पोट भरलं का तुम्ही लोकं लय गोड बोलता, मला कळत नाय काय ते."

म्हणून मयूर आधी बोलला. आईच्या पुढ्यात उकिडवा बसून म्हणाला, "आई, हे बघ. एकट्या माणसाला पाणी लागू द्यायचं नाही. हा काही माझा नियम नाही, आपल्या वाडवडिलांचा आहे. तो आपण मोडायचा का?"

बापाच्या, हिरामणच्या, दहाव्याला द्राक्षांचा सीझन ऐन भरात होता, म्हणून हाच मयूर पिंडाला कावळा शिवायच्या आधी निघून गेला होता. आज तोच वाडवडिलांचं नाव घेत होता, आणि घेताना त्याचा आवाज भरूनही आला. आवाज भरून आणायची कला त्याला अवगत होती. व्यापारात लागते.

"नाय मोडायचा," फुलाबाई म्हणाली. "फुडं बोल."

"तू खाली ये. टेक काही ओसाड पडू देणार नाही मी. माझ्या डोक्यात प्लॅन आहे." त्याने टॅब उघडला. "आयलंड स्टे. चार ऋतू, चार पॅकेजेस. पहिलं पावसाळा. धुकं, नागलीची भाकरी, चुलीवरचं जेवण, भोवती पाणीच पाणी. मुंबईचे लोक वेडे होतील."

"पाणी चढलं का खालचे सगळे साप वर येतात," फुलाबाई म्हणाली. "त्यांना बी जागा लागते. गेल्या साली दोन माझ्या चुलीमागं होते. त्यांना कुठल्या पॅकेजात घातलंय?"

तृप्तीने पाय वर ओट्यावर घेतले.

"त्याला सर्पमित्र ठेवू. दुसरं, हार्वेस्ट. दिवाळीनंतर भाताची कापणी, गेस्ट लोक स्वतः कापणार, फोटो काढणार."

"पेंढा होडीत घालून नेणार का? आन गाय? पावसाळाभर ती बोरीपाड्याच्या पुंजाकडं असते, मंग होडीमागं पोहत येते, शेपूट धरायला एक माणूस लागतं. धरतील का मुंबईवाले?"

"धरतील, त्याचे वेगळे पैसे देतील," मयूर म्हणाला, आणि हे त्याने थट्टेत म्हटलं नव्हतं. "तिसरं हिवाळा. मिस्ट, शेकोटी, बर्ड वॉचिंग."

"पौषात समोरचा हात दिसत नाय. पुंजा पलीकडून थाळी वाजवतो, त्या आवाजावर होडी लावायची. त्याचा हात दुखला का आपण धरणात." ती सूप आपटून म्हणाली, "पाणी मागं हटतं तसा मी गाळात हरभरा टोचते, वाल टोचते. त्या गाळात मांडीपर्यंत पाय जातो. शेकोटी करायला येळ कुणाला हाय?"

"आणि चौथं उन्हाळा," मयूर हार न मानता म्हणाला. "हे तर माझं ट्रम्प कार्ड. उन्हाळ्यात जुन्या गावाची जोती वर येतात ना, तिथं वॉक न्यायचा. बुडालेला वारसा."

"आपल्या जुन्या घराचा ओटा वर येतो तो वारसा?" फुलाबाईने विचारलं. "मी त्याच्यावर पापड वाळवते. उन्हाळ्यात धरणाचं पाणी इतकं लांब जातं का झिऱ्यातून वाटीनं हंडा भरावा लागतो. धरणाच्या मधी राहून. ते दाखव त्यांना."

मनोज म्हणाला, "पण आत्या, एकूण कन्सेप्ट चांगली आहे हां." येताना गाडीतल्या एसीत त्याचं आणि मयूरचं बरंच जमलं होतं. मोहिनीनेही मान हलवली. तिला तिच्या भिशीच्या मैत्रिणींना एकदा इथं आणून 'हे आमचं बेट' म्हणायचं होतं.

"मग ठरलं," मयूर म्हणाला. "आई आजच निघेल. मन्या, तुमच्याकडे मामांची खोली आहे, ती मोठी आहे."

आत्तापर्यंत एका दिशेने वाहणारं सगळं इथे अडलं. मनोजने पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"आमच्याकडे?" मोहिनी म्हणाली. "नाही म्हणजे, आत्या आल्या तर आनंदच आहे. पण मग बाबा हॉलमध्ये येणार. हॉलमध्ये टीव्ही. बाबांना टीव्हीचा त्रास होतो."

"टीव्ही बंद ठेवता येतो," तृप्ती म्हणाली.

"तुमच्याकडे तर तीन बेडरूम आहेत, तृप्तीताई."

"आहेत गं, पण हायवेवर. सारखी टेम्पोंची धूळ. आईंना खोकला होईल. मी त्यांचाच विचार करतेय."

"मला काय वाटतं," मनोज म्हणाला, आणि त्याच्या आवाजात एकदम खोली आली, "आत्यानं इथंच राहावं. माणसाला मुळं असतात. ती अशी उपटायची नसतात."

"मुळं?" मयूर म्हणाला. "अरे, गाडीत तर म्हणालास, कधी एकदा करून टाकतोस."

"गाडीत मी सर्वसाधारण बोलत होतो."

लहानू खांबाला टेकून ऐकत होता. आपली खोली, आपला हॉल, आपला त्रास यांची वाटणी आपल्यासमोर चालली आहे आणि आपल्याला कुणी विचारत नाही, याचं त्याला वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याचीही लाज वाटली, कारण विचारलं असतं तरी तो काय सांगणार होता? फुलाबाई मात्र मजेत होती.

"बाजारात शेळीचं असंच चालतं," ती म्हणाली. "माझे दात अजून कुणी बघितले नाय. बघून घ्या, चार हायेत."

"आई, विषय गंभीर आहे," तृप्ती म्हणाली. "मला वाटतं, एखादी बाई ठेवू या. केअरटेकर. म्हणजे तुम्हीही इथं राहाल आणि सोबतही होईल."

मयूरने बायकोकडे असं पाहिलं की जणू तिने भर बाजारात भाव फोडला. आई इथंच राहिली तर टेकावर तंबू कसे लागणार, हे तिला कळायला हवं होतं. पण सासू तीन बेडरूममध्ये येण्यापेक्षा तंबू न लागणं तिला परवडत होतं.

"पगारी माणूस चालत नाय," फुलाबाई म्हणाली. "घरचं पाहिजे. वाडवडिलांचा नियम हाय, मयूरला विचार."

"मग घरचं कोण?" मोहिनीने विचारलं.

टेकावर मोबाइलला रेंज नव्हती. तरी चौघांनी आपापल्या मोबाइलमध्ये पाहिलं.

मग मोहिनीची नजर सासऱ्यावर गेली आणि लगेच परत आली. "बाबा... छे. बाबांना सकाळी दूध आणायचं असतं. आणि नातीला, आमच्या वेदिकाला, क्लासला सोडायचं."

"लहान्या," फुलाबाई म्हणाली, "माझं पत्र मिळालं का तुला?"

"मिळालं."

"कसलं पत्र?" मनोजने विचारलं.

"टपालाचं," फुलाबाई म्हणाली. "लहान्या, तुला काय म्हणायचंय?"

लहानूकडे वाक्य तयार होतं. रात्रभर घोकून त्याने ते दोन शब्दांवर आणलं होतं. पण तो बोलायला उभा राहिला, आणि इथेच घोटाळा झाला. उभं राहिलं की त्याला वाटायचं, आता नीट बोललं पाहिजे. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याने घसा साफ केला.

"मला असं वाटतं की," तो म्हणाला, "या प्रश्नाला दोन बाजू आहेत."

सगळ्यांनी सुटकेने माना हलवल्या. फुलाबाईने क्षणभर डोळे मिटले.

"दोन्ही बाजूंनी पाणीच हाय, लहान्या," ती म्हणाली. "बस खाली."

तो बसला. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "ठरलं. मी येते. पण नाशिक रोडला नाय, पिंपळगावला बी नाय. बोरीपाड्याला पुंजाच्या पडवीत राहीन. तिथनं टेक दिसतं."

पुंजा बोरीपाड्याचा. होडी त्याची. परक्याच्या पडवीत आई राहिली तर लोक काय म्हणतील याची चिंता मयूरला वाटली. ती त्याने बोलूनही दाखवली. पण आई खाली येतेय हे ऐकून त्याला बरंच वाटलं, हेही लपलं नाही. जेवणाची पानं मांडली गेली. खेकड्यांचा रस्सा होता, कुर्डूची भाजी होती.

पानं अर्धी होत नाहीत तोच पुंजा अंगणात आला. गुडघ्यापर्यंत ओला होता.

"मयूरशेठ, गाडी काढा. सोंडेवर पाणी आलंय."

"कसं येईल? छत्तीस टक्के आहे."

"ते मला नाय म्हाईत. वर डोंगरात रातभर झोडपलंय. माझी चप्पल गेली तिथं."

"अरे, अजून सहा टक्के बाकी आहेत," मयूर म्हणाला, आणि खेकड्याची नांगी फोडून त्यातलं शेवटचं मांस चोखून घेतलं. त्याने हात धुतले, टॉवेलला पुसले, मग सगळे निघाले.

सोंडेच्या मधला भाग दिसत नव्हता. मयूरने तरीही गाडी घातली, कारण गाडीच्या जाहिरातीत ती नदीतून जायची. इथे ती पुढच्या चाकांवर बसली. मग मनोजने पांढऱ्या पॅन्टवर चिखल घेतला, पुंजाने खांदा लावला, लहानूने हात लावल्यासारखं केलं, आणि मोठ्या मिनतवारीने गाडी मागे आली, म्हणजे टेकावर. तोवर पाणी कमरेशी पोचलं होतं.

"पण बेचाळीसला बुडते," मयूर पुन्हा पुन्हा म्हणत होता. "बाबा असताना कायम बेचाळीस."

फुलाबाई काठावर उभी होती. "तुझा बाप चैत्र-वैशाखात रोज सांजच्याला सोंडेवर दगड टाकायचा," ती म्हणाली. "दर सालचं पाणी माती वाहून न्यायचं, तो दर साल तेवढी भर घालायचा. मधल्या सखल जागी तर छातीएवढे दगड रचले त्यानं. यंदा कुणी टाकले? तू चैत्रात आला होतास, पट्टी घेऊन. तंबू कुठं लावायचे ते मोजत होतास. बेचाळीस बेचाळीस काय करतोस? ते बेचाळीस म्हणजे तुझ्या बापाचे दगड होते."

मयूर पाण्याकडे बघत राहिला. त्या दिवसातल्या त्याच्या सगळ्या चेहऱ्यांत तेवढा एक खरा होता. फार वेळ टिकला नाही.

"सकाळी मध्ये डबकं होतं," लहानू हळूच म्हणाला. "मी पाहिलं होतं."

सगळे वळले. "मग बोलला का नाहीत?" मनोज म्हणाला.

"खात्री नव्हती."

"बाबांना कधी खात्री असते?" मोहिनी म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. घरात पंखा कुठला आणि दिवा कुठला हे सांगावं तसं सहज म्हटलं, आणि म्हणून ते लहानूला खोल लागलं.

गाडी आता होळीपर्यंत टेकावर राहणार हे उघड होतं. मयूरने तिला एक फेरी मारली. मग आईजवळ आला, आणि त्याचा आवाज पुन्हा भरून आला.

"आई, मी विचार करत होतो. तू म्हणतेस त्यात तथ्य आहे. तुझं सगळं इथं आहे. तू राहा. नियम काय, नियम माणसासाठी असतात. आणि तू असलीस म्हणजे... जरा गाडीकडेही लक्ष राहील."

तृप्तीसुद्धा दुसरीकडे बघायला लागली.

"सकाळी वाडवडील होते," फुलाबाई म्हणाली. "आता गाडी हाय. एकट्या माणसाला पाणी लागू द्यायचं नाय, मयूर. तूच सांगितलंस, मला पटलं. हिच्यात कोंबड्या घातल्या असत्या, पण त्या पण घेऊन चालले."

ती घरात गेली. तिने चुलीतली लाकडं बाहेर ओढली, पाणी मारलं, राख सारखी केली. बाहेर आली तेव्हा एका हातात गाठोडं आणि दुसऱ्या हातात कोंबड्यांचं डालगं होतं. दाराला कुलूप नव्हतंच. तिने कडी लावली आणि मागे न बघता उतरली.

तोवर पुंजाने पाण्यातून पलीकडे जाऊन होडी आणली होती, तिच्यात सगळे दाटीने बसले. एरवी हक्काने बोलणारी माणसं पाण्यावर गप्प झाली, कारण होडीच्या बुडातून थोडं पाणी येत होतं. पुंजाने मयूरच्या हातात डबडं दिलं आणि उपसायला सांगितलं. तो उपसत राहिला. लहानूची पिशवी मनोजच्या पायावर होती.

"बाबा, यात दगड भरलेत का?" त्याने चेन उघडली. आत स्वेटर होता, मफलर होता, ब्लड प्रेशरच्या गोळ्यांची बरीच पाकिटं होती आणि खाली पुस्तकं. "एका दिवसासाठी? हे काय आहे?"

"असू दे म्हटलं," लहानू म्हणाला.

फुलाबाईने पिशवीकडे पाहिलं, मग भावाकडे. तोंडी काही नको हे तिने लेखी कळवलेलं होतं.

बोरीपाड्याच्या काठावर एक दुकान आहे आणि दुकानाच्या भिंतीला टपालपेटी. दुकानदाराने जीप बोलावली होती. मनोजने पिशवी मागच्या सीटवर टाकली. मयूर टेकाकडे पाठ करून फोनवर कुणाला तरी गाडी 'सर्व्हिसिंगला' असल्याचं सांगत होता. आता त्याला रेंज मिळाली होती. तृप्ती आणि मोहिनी एकाच सीटवर बसल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं: पुरुषांना काही कळत नाही.

लहानू दुकानाच्या बाकावर बसला. जीपमधून पिशवी काढून आणली, आतल्या कप्प्यातून ते आंतरदेशीय काढलं. पत्ता आधीच होता: श्रीमती फुलाबाई हिरामण, करंजटेक, मु. पो. बोरीपाडा. त्याने दुकानदाराकडे पेन मागितला. पेन हातात आल्यावर त्याला सवयीने वाटलं, सुरुवात कशी करावी? 'सप्रेम नमस्कार' की 'साष्टांग'? उशीर झाल्याचं कारण द्यावं का? गुडघ्यांचं? दुधाचं? जीपवाल्याने हॉर्न दिला.

"बाबा, चला, अंधार पडेल," मनोज ओरडला.

बहिणीला खात्री पाहिजे होती, आणि त्याच्याकडे आजही ती नव्हती. एवढं कळायला त्याला सत्तर वर्षं लागली की ती कधीच नसणार आहे. त्याने लिहिलं, "बाई, हो. लहानू." शुद्धलेखनाची चूक काढायला त्यात जागाच नव्हती. वाचून पाहिलं तर ते त्याला फार थोडं वाटलं. तरी त्याने घडी घातली, डिंक जिभेने ओला केला आणि तळहाताने दाबून धरला.

"काय लिवलंस?" फुलाबाईने विचारलं. ती डालगं घेऊन समोर येऊन उभी राहिली होती.

"टपालानं कळेल, बाई."

तिने पत्त्याकडे बघितलं. आपलं नाव वाचायला तिला थोडा वेळ लागला, गावाचं नाव वाचायला त्याहून जास्त. मग तिने दुकानदाराला विचारलं, "इथं टाकलेलं पत्र टेकावर कधी येतं?"

"पोस्टमन उद्या पेटी उघडतो. शिक्का तालुक्याला. तीन-चार दिवस धरा."

"मंग मला घरी राहायला पाहिजे," फुलाबाई म्हणाली, आणि गाठोडं उचलून खाली काठाकडे निघाली. "पुंजा, होडी फिरव. चूल आत्ताच विझवलीय, निखारे असतील अजून."

"आई, कुठे चाललीस?" मयूर फोन बाजूला धरून म्हणाला.

मनोज जीपमधून उतरला. त्याने एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि बापाच्या खांद्यावर पिशवी बघून त्याला पहिल्यांदाच आपल्या मताची गरज नसलेली परिस्थिती भेटली. "बाबा, वेदिकाचा क्लास," एवढंच तो म्हणाला.

"तू सोड," लहानू म्हणाला.

तो भिंतीशी गेला. पत्र पेटीच्या तोंडात घातल्यावर त्याचा हात थांबला, कारण 'हो'नंतर एखादं वाक्य हवं होतं असं त्याला वाटलं, निदान तारीख तरी. खाली होडीत कोंबड्या फडफडल्या आणि फुलाबाईने त्यांना शिवी दिली. लहानूने बोटं सोडली, आणि पत्र आत पडलं.